कंपनी फिटिंगचे गाणे

जुनी गाडी विकणारा मनुष्य ‘कंपनी फिटिंग’ हे दोन शब्द ज्या भक्तिभावाने उच्चारतो, तो भाव मी त्याआधी फक्त लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांच्या तोंडावर पाहिला होता. मध्यस्थ ‘घरंदाज’ म्हणतो, गाडीवाला ‘कंपनी फिटिंग’ म्हणतो. अर्थ एकच. वस्तू आहे ही अशी आहे. पुढचे तुमचे नशीब.

‘‘टायर बगा सर, कंपनी. सीटकव्हर कंपनी. आन् टेप...’’ इथे त्याने आवाज खाली आणला. ‘‘टेपला तर आजून कुणाचा हात लागल्याला न्हाई.’’

हातकणंगल्यात गाडीत जे काही वाजते त्याला टेप म्हणतात. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ती कॅसेट गाड्यांतून हद्दपार होऊन कित्येक वर्षे झाली. तिच्यामागून आलेली सीडी आली तशी गेली. आता पेनड्राइव्ह खुपसतात, नाहीतर खिशातला फोन परस्पर वाजतो. पण टेप तो टेपच. माणूस निवृत्त झाला तरी लोक त्याला सर म्हणतातच की! मी स्वतः त्याच न्यायावर जगतो आहे.

तर हात न लागलेला टेप घरी आला आणि माझी जुनी खोड उफाळून आली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात गणेशोत्सवातल्या गाण्यांची परीक्षणे मी एका साप्ताहिकाला लिहून देत असे. ‘बुवांनी विलंबितात चांगला रंग भरला’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले, की खिळे जुळवणाऱ्याने ते न सोडवता तसेच बाजूला ठेवले होते. फक्त बुवांचे नाव बदलायचे. त्याच सवयीने मी टेपची पहिली बैठक ऐकली. परीक्षण पुढीलप्रमाणे:

गायक कोणीही असो, तो बादलीत तोंड घालून गातो. तबला हा तबला नसून कोणीतरी बुटाच्या खोक्यावर बोटे वाजवीत आहे. सारंगी आहे असे लेबलावर लिहिले आहे. तंबोरा किरकोळ रजेवर आहे. मात्र पंचम लागला, की डावा दरवाजा उत्स्फूर्त दाद देतो. ‘‘टर्रर्र!’’ षड्जाला देत नाही, मध्यमाला देत नाही, नेमका पंचमाला. मी अनेक रसिक पाहिले आहेत. पण एवढा सुराचा पक्का रसिक पाहिला नाही.

परीक्षकाने कठोर असावे, पण अन्यायी असू नये. कंपनीचीही बाजू आहे. तिला गाडी विकायची असते, मैफल भरवायची नसते. स्पीकरचा पडदा कागदाचा, लोहचुंबक चिमुकले. वजन कमी, पैसा कमी. शिवाय गिऱ्हाईक हा टेप पहिल्यांदा ऐकते ते शोरूममध्ये. गाडी उभी, काचा वर, विक्रेता हसतमुख. तशा वेळी काहीही गोड लागते. कंपनी फिटिंगचा टेप म्हणजे लग्नातल्या पंक्तीची आमटी. कोणाचीच तक्रार नसावी एवढ्याच हेतूने केलेली, आणि म्हणून कोणाच्याच लक्षात न राहणारी.

माझे स्वतःचे त्या आमटीवर भागले असते. पण अण्णांचे भागेना.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. हयात इचलकरंजीच्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून गेली. बिघडलेला माग आवाजावरून ओळखणारा माणूस. व्यसन एकच, अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे अण्णांच्या जन्माआधीच; पण तबकड्यांवरून त्यांनी खाँसाहेबांना असे काही धरून ठेवले, की मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणे होते त्याला वर्षानुवर्षे रात्रभर बसायचे, आणि सकाळी परस्पर पाळीवर जायचे. गेली काही वर्षे ते बंद झाले. ‘‘गुडघं दुखत्यात,’’ म्हणायचे. कारण गुडघे नव्हते, कान होते. ते आम्हा दोघांनाही माहीत होते आणि दोघेही बोलत नव्हतो.

गाडी घेतली ती मुख्यतः त्यांच्यासाठी. पहिल्याच फेरीला मी त्यांना पुढे बसवले आणि झिंजोटीतली ती ठुमरी लावली. अण्णा बराच वेळ काचेबाहेर उसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘कोण गातंय?’’

मला धक्का बसला. मी आवाज वाढवला.

‘‘काय म्हणतंय त्यो?’’

अजून वाढवला.

‘‘अरं, वराडायला कशाला लावलास त्याला?’’

ऐकू येत नाही आणि सहन होत नाही, यांच्यामध्ये बटणाचा जेमतेम एक घर फिरायचा फरक! घरीही आमचे हेच चालायचे. मी हळू बोललो तर ‘‘आँ?’’, मोठ्याने बोललो तर ‘‘मी काय बहिरा हाय?’’ टेप सुधारायचाच असे मी त्या दिवशी ठरवले. अण्णांना सुधारण्यापेक्षा ते सोपे वाटले.

टेप सुधारायचा आहे असे गावात नुसते म्हणायचा अवकाश, तज्ज्ञ घरी येतात. त्या महिन्याभरात मला एक शोध लागला. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ लिहून घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्ये करून दाखवली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीकडे झुकलेले आणि आमच्या कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांचे जयपूर घराणे दोहोंचा तोल सांभाळून मधोमध. वामनरावांच्या पायावर डोके ठेवून सांगतो, मोटारीच्या टेपचीही घराणी आहेत.

पहिले हादरा घराणे. आमच्या भागातले हे सर्वांत लोकप्रिय. याचे आद्यपीठ म्हणजे हंगामात कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या ऊस मागे आणि चालकाच्या डोक्याशी दोन भोंगे. मैलभर आधी गाणे येते, मग ट्रॅक्टर येतो, मग धूळ येते. माझा पुतण्या या घराण्याचा गंडाबंध शागीर्द. त्याने डिकीत घोंगडीएवढी जागा अडवून एक पेटी बसवली आहे. तिच्या चार स्वरांपैकी तीन ऐकू येत नाहीत, पोटात कळतात. त्याच्या गाडीतून इचलकरंजीला जाताना बाटलीतले पाणी नाचत होते, आरसा थरथरत होता आणि सौ.च्या हातातल्या बांगड्या आपण होऊन लेझीम खेळत होत्या.

‘‘काका, दोनशे वॉट!’’ पुतण्या ओरडला. ‘‘तुमच्या टेपवर पन वरिजिनल लिवलंय बगा, पन्नास गुनिले चार. पर त्यो दाबून धरल्याला हाय. मोकळा कराया पायजे.’’

मी शाळेत गणित शिकवीत असे. घरी येऊन टेप थोडा पुढे ओढून पाहिला, तर मागे दहा अँपिअरचा फ्यूज. गाडी चालू असताना बॅटरीपाशी चौदा व्होल्ट. चौदा दाहे एकशे चाळीस. म्हणजे जमा एकशे चाळीस, त्यातले बरेच उष्णतेत जायचे, आणि खर्च दोनशे! हे अंदाजपत्रक फक्त सरकारला जमते. चार व्होल्ट इकडे, चार वॉट तिकडे केले तरी अशा टेपातून एका स्पीकरला खरे पंधरा-वीस वॉट मिळाले तर मिळाले. बाकीचे वॉट लेबलावर मिळतात. आणि गंमत अशी, की वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. पगारवाढ आणि महागाई यांचे नाते ज्यांना कळते त्यांना हे लगेच कळेल.

हादरा घराण्यावर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या काळच्या विजेवरच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला शंभर कंपांच्या खालचे फारसे काही उतरतच नसे, आणि पाच हजारांच्या वरचेही बेताचेच. डिकीतला ढोल काम करतो तो शंभरच्या खाली. म्हणजे खाँसाहेब गात असताना तो बेकार बसतो. आणि बेकार बसलेला कोणीही जे करतो तेच करतो. नसत्या गोष्टी वाढवून सांगतो. तबकडीची घरघर तेवढी त्याने आम्हाला गिरणीसारखी ऐकवली. मूळ चिजेत जे नाही ते यंत्र आणून देणार कुठून?

दुसरे किणकिण घराणे. याचे अध्वर्यू आमचे पुण्याचे मेहुणे. त्यांनी काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत रुपयाएवढे ट्विटर बसवले आहेत आणि वायर अशी आणली आहे की तिची किंमत ते वारावर नाही, वितावर सांगतात. ‘‘डोळे मिट,’’ ते म्हणाले. मिटले. ‘‘आता सांग, तबलजी कुठे बसलाय?’’ मला तबलजी सापडेना. ‘‘बोनेटवर, डावीकडे! अरे, गायकानं ओठ ओले केले ते ऐकलंस का?’’ ते मात्र ऐकले. पुढे तो काय गायला ते राहून गेले. या घराण्याचा साधक गाणे ऐकत नाही, यंत्र ऐकतो. गाणे हे यंत्र तपासण्याचे साधन. संमेलनाला जाऊन मांडवाचे कापड कोणत्या गिरणीचे ते पाहणारी माणसे असतात, त्यांतला प्रकार.

तिसरे बटण घराणे. यात खर्च नाही, म्हणून मी स्वतः काही दिवस त्याची तालीम घेतली. पडद्यावर रॉक, पॉप, जाझ, क्लासिकल अशी तयार बटणे असतात. मी अर्थातच ‘क्लासिकल’ दाबले. पण ते क्लासिकल व्हिएन्नाचे निघाले, मिरजेचे नव्हे. ‘लाउडनेस’ नावाचे बटण मात्र कामाचे आहे, ते केव्हा दाबायचे हे माहीत असेल तर. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकनांनी १९३३ साली मोजून दाखवले, की आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्ज सर्वांत आधी ऐकू येईनासा होतो. ती तूट भरून काढायला हे बटण. म्हणजे आवाज लहान असताना ते दाबायचे. आमच्याकडे ते आवाज पुरता मोठा केल्यावर दाबतात. जेवण झाल्यावर भूक लागायचे चूर्ण घ्यावे तसे.

महिन्याअखेर तिन्ही घराण्यांचे सार माझ्यापुरते असे निघाले. पहिल्याने डिकीत लय भरली, दुसऱ्याने काचेला स्वर चिकटवला, तिसऱ्याने दोन्ही ढवळले, आणि अण्णा अजून विचारीत होते, ‘‘काय म्हणतंय त्यो?’’

शेवटी टेप बाजूला ठेवून मी त्यांना कान दाखवायला मिरजेला नेले. तपासणाऱ्या बाईंनी त्यांना एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावले आणि अर्ध्या तासाने एक आलेख माझ्यापुढे ठेवला. खालच्या स्वरांना रेघ बऱ्यापैकी सपाट. मग तीन हजार कंपांच्या पुढे ती अशी कोसळली होती, की आंबोलीचा घाट आठवावा.

‘‘नोकरी कुठं होती?’’ त्यांनी विचारले.

‘‘मागावर.’’

‘‘वाटलंच. चार हजारापाशी आधी खड्डा पडतो. वयानं वरचं गेलंय ते वेगळं.’’

मग त्यांनी जे समजावले ते मी मराठी शाळेच्या इयत्तेत आणून सांगतो. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे खालच्या कंपांत असतात. स, श, त, फ अशी कितीतरी व्यंजने वरच्या कंपांत. वरचे गेले, की माणसाला कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते. काय बोलते आहे ते येत नाही. आवाज वाढवला की जाडे स्वर आणखी जाडे होतात आणि बारीक व्यंजनांना झाकून टाकतात. शिवाय अशा कानाला लहान आवाज ऐकू येत नाही. पण मोठा आवाज मात्र एकदम, साऱ्यांना लागतो तेवढाच लागतो. म्हणून ‘‘आँ?’’ आणि ‘‘वराडू नको’’ यांच्यामध्ये एकच घर.

‘‘ओरडू नका,’’ बाई म्हणाल्या. ‘‘समोर बसा, सावकाश बोला, शब्द सुटा करा.’’

मी खाली पाहिले. वीस वर्षे मी अण्णांशी बास वाढवून बोलत होतो. पुतण्याला हसण्याचा मला काही अधिकार नव्हता. हादरा घराण्यातला मी त्याच्याही आधीचा शागीर्द.

परत येताना अण्णा गप्प होते आणि मी विचार करीत होतो. आमच्या तालुक्याच्या नशिबाची गंमत पाहा. ज्या इचलकरंजीने बाळकृष्णबुवांना आश्रय दिला, ज्या बुवांनी ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवला, त्याच इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. एका गावाने कानाला गाणे दिले आणि त्याच गावाने पोटाला माग दिला. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. तिथे आठ-आठ, बारा-बारा तास उभी राहिलेली माणसे एकमेकांशी ओठांवरून आणि खुणांवरून बोलतात. पाळी सुटली की त्यांना चहाच्या टपरीवरचे गाणे मोठे लावावे लागते, घरचा टीव्ही मोठा लावावा लागतो. पोरे त्या मोठ्या आवाजात वाढतात आणि ट्रॅक्टरवर भोंगे बसवतात. आम्ही त्याला अभिरुची म्हणून नावे ठेवतो. अर्धी तरी ती अभिरुची नव्हे. ते मागाने कानाकडून आगाऊ कापून घेतलेले भाडे आहे. हादरा घराण्यावर वर लिहिलेले परीक्षण मी मागे घेत नाही, पण त्याला ही पुरवणी जोडतो.

टेप सुधारला तो शेवटी एका टपरीवाल्याने. गॅरेजच्या शेजारी गाड्यांचे वायरिंग करणारा, पन्नाशीचा, अबोल गृहस्थ. त्याने टेपकडे पाहिलेसुद्धा नाही. डाव्या दरवाज्यापाशी उकिडवा बसला आणि बोटाच्या पेराने पत्रा ठोकून ऐकू लागला. वर एकदा, मध्ये एकदा, खाली एकदा. माझ्या डोळ्यांपुढे मिरजेची सतारमेकर गल्ली उभी राहिली. लहानपणी अण्णा मला तिथे घेऊन जायचे. तिथे कारागीर भोपळा असाच वाजवून पाहायचे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या या घरांत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये सुरू केली. आता २०२४ पासून मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. त्या गल्लीत मी जवारी काढताना पाहिली होती. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस केसभर फिरवायची, तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. आणि मुकी तार एकदम बोलायला लागायची. नवी तार नाही, मोठा भोपळा नाही. नुसता धागा.

‘‘सर,’’ टपरीवाला म्हणाला, ‘‘सपीकरला काय झाल्यालं न्हाई. दार मोकळं हाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सपीकर दारात हाय न्हवं? मग दार ही त्येची पेटी. आन् पेटीला ही भगदाडं. फुडनं गातंय आन् मागनं खातंय.’’

यापेक्षा नेमके परीक्षण मी आयुष्यात वाचलेले नाही. स्पीकरचा कागद पुढे सरकला, की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पत्र्याला मोठी भोके असली, की मागची लाट वळसा घालून पुढच्या लाटेला गाठते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. त्यात खालचे स्वर आधी जातात. वर तो पातळ पत्रा स्वतःच्या सुरात वाजतो तो वेगळाच. आमचा पंचम रसिक तो हाच. आणि आपण काय करतो? नवा, दुप्पट किमतीचा स्पीकर आणतो आणि त्याच भगदाडासमोर बसवतो. शाळेचा निकाल लागेना की मुख्याध्यापक बदलतात, त्यातलेच.

त्याने दरवाज्याचे आतले आवरण काढले. आतून एक तुटकी क्लिप, एक अर्धी पेन्सिल आणि वायरीला गुंडाळलेली गावठी चिकटपट्टी निघाली. ‘कुणाचा हात लागल्याला न्हाई’ तो हा टेप! कंपनी फिटिंग आणि घरंदाज, दोन्हींची चौकशी आवरण काढूनच करावी, आणि शक्यतो करू नये.

मग दिवसभर तो काम करीत होता. पत्रा पुसून कोरडा केला. एका बाजूला चंदेरी कागद लावलेले काळे रबरी पत्रे कापून रूळ फिरवून चिकटवले. मोठी भोके झाकली. तळाची मात्र सोडली. ‘‘ती पावसाच्या पान्याची. ती बुजवली तर दार सडतंय.’’ सुट्या वायरी कापडी पट्टीने बांधल्या, स्पीकर आणि आवरण यांच्यामधल्या फटीत फोमची चकती बसवली. स्पीकर तोच. टेप तोच. दोन दारांचे साडेतीन हजार झाले. पुतण्या म्हणाला, ‘‘येवढ्यात पेटी आली आस्ती.’’

संध्याकाळी त्याने दार लावून दाखवले. पूर्वी रिकाम्या डब्यासारखे वाजणारे दार ‘धप्’ असे वाजले. वाण्याने तराजूत गुळाची ढेप ठेवावी तसे. मी पंचमाची वाट पाहिली. दरवाज्याने दाद दिली नाही. थोडे चुकल्यासारखे झाले, खरे सांगतो.

उरलेले काम माझे होते आणि ते फुकटचे होते. चालक उजवीकडे बसतो, म्हणून टेप उजवीकडे झुकवलेला होता. मी तो डावीकडे, अण्णांच्या दारावर झुकवला. मागचे स्पीकर जवळजवळ मिटले. तिथे बसते कोण? किराणा माल. बास वाढवायचा सोडून तीन घरे कमी केला. दोन ते चार हजारांच्या मधला भाग किंचित, अगदी किंचित उचलला. आणि आवाज पहिल्यापेक्षा कमी ठेवला. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी सुधारणा वजाबाकीने केली. जवारीचा धागा मला पन्नास वर्षांनी सापडला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मिरजेला निघालो. मजले, तमदलगे मागे पडले. खाँसाहेब गात होते. अण्णांनी काही विचारले नाही. हे चांगले लक्षण की वाईट, मला कळेना. वाटेत हमरस्त्यावर गाडीच्या चाकांचीच घरघर इतकी असते, की नाजूक जागा तिच्यात बुडतात. त्यावर कोणत्याच घराण्याकडे उपाय नाही. जयसिंगपूरच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि कृष्णेच्या पुलाच्या अलीकडे सगळे ठप्प झाले. मी इंजिन बंद केले. काचा वर होत्या.

आणि मग ती ठुमरी गाडीत आली. दुसरा शब्द नाही. बारीक, टोकदार, सुईत दोरा ओवल्यासारखा तो आवाज. तीन मिनिटांत सगळे सांगून मोकळा होणारा. अण्णांनी मान थोडी माझ्याकडे, म्हणजे दाराच्या उलट दिशेला वळवली. त्यांचा उजवा कान जरा बरा आहे, हे आलेखात होते, आणि मी टेप डावीकडे झुकवून बसलो होतो! मी काही न बोलता तो मधोमध आणला. त्यांनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली, मागावरची खूण. मग मांडीवर बोटाने ठेका धरला.

तबकडी संपली. मी त्यांच्याकडे वळलो, समोर तोंड केले आणि सावकाश, शब्द सुटे करून विचारले, ‘‘अण्णा, कसं वाटलं?’’

अण्णांनी परीक्षकाचा पूर्ण वेळ घेतला.

‘‘गानं चांगलं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी बंद आसली की लय चांगलं हाय.’’

चाळीस वर्षे परीक्षणे लिहून मला जे जमले नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत केले. कंपनीने तो टेप उभ्या गाडीसाठीच केला होता हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघे दारातल्या दारात गाडीत जाऊन बसतो. इंजिन बंद, काचा वर, टेप बारीक. जाणारे-येणारे वाकून विचारतात, ‘‘कुठं निगाला अण्णा?’’ अण्णा ओठांवरून प्रश्न ओळखतात आणि ऐटीत सांगतात, ‘‘मिरजंला.’’

गेल्या महिन्यात अशीच बैठक जरा लांबली. भैरवी झाली आणि सोमवारी गाडी चालू होईना. बॅटरी उतरली होती. पुतण्याला बोलावले. तो आणि त्याचे तीन दोस्त गाडी ढकलू लागले. हादरा घराण्याचे असल्यामुळे त्यांनी पहिल्याच धक्क्याला ती चालू करून दिली. त्या घराण्याचाही उपयोग आहे, हे परीक्षकाने प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.